टिंबामागचा आवाज

१

हंसाबेन लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकत होत्या आणि लिफ्ट त्यांच्या पायाखालून सरकली. दार उघडं, बाई अर्धी आत अर्धी बाहेर, आणि पेटी हातभर खाली. शांती नगरातल्या त्या बिल्डिंगमध्ये शनिवारी सकाळी त्यांनी फोडलेली किंकाळी वॉचमनला गेटपर्यंत ऐकू आली. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला. त्याच गेटला सोसायटीने गेल्या वर्षी ग्रॅनाइट लावला होता, वर सोनेरी अक्षरांची पाटी. लिफ्ट मात्र बिल्डिंगच्या जन्मापासूनची. गेट रस्त्यावरून दिसतं, लिफ्टचा ब्रेक दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी आपल्या लोकांचा खिशात हात जात नाही.

सोमवारी दुपारी विमा कंपनीची तपासनीस अंबिका सामंत भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत पोचली. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं ऑफिस तिथल्या एका गाळ्यात होतं. ती पोचेपर्यंत आरोपी ठरून गेला होता.

"तुम्हाला उगाच त्रास, मॅडम," मालक गुणवंत राऊत म्हणाले. जाड मनगटांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. "पोराने माती खाल्ली. हे बघा."

त्यांनी स्क्रीन वळवली. ग्राहक, त्यांच्या लिफ्ट, कोण मेकॅनिक कधी गेला आणि त्याने काय पाहिलं, हे सगळं कंपनी एका सीआरएममध्ये ठेवायची. ऑफिसात त्याला नुसतं 'सिस्टीम' म्हणत. गुरुवारच्या भेटीची नोंद समोर होती. मेकॅनिकचं नाव गेविन बोर्जिस. खाली शेरा: 'लिफ्टची पूर्ण तपासणी केली. सर्व व्यवस्थित आहे.'

"सर्व व्यवस्थित!" गुणवंतशेठ टेबलावर थाप मारून म्हणाले. "आणि दोन दिवसांत म्हातारी हॉस्पिटलात. संध्याकाळी पोलीस येतायत. त्यांना हीच प्रिंट देणार. मी काय करू? कंपनी बुडवू?"

कोपऱ्यात हत्यारांच्या पेटीवर एक पंचविशीतला मुलगा बसला होता. उत्तनचा. घरचे मासेमारीत, हा शिकून लिफ्टमध्ये आला. त्याने मान वर केली.

"हे मी लिवलेलं न्हाय. मी आवाज टाकला व्हता. लिफ्ट बंद करा म्हणून बोललो व्हतो."

"मग कुठाय तो आवाज?"

"व्हता, शेठ. आता न्हाय."

"सापडला नाही तर पोरगा आत जाईल," शेठ अंबिकाकडे वळून हळू आवाजात म्हणाले. त्यात थोडं वाईट वाटणं होतं, पण थोडंच.

पलीकडे लॅपटॉपवर एक तरुण बसला होता. हा कौस्तुभ. कंपनीने जुनी सिस्टीम सोडून नवी घेतली होती आणि इकडचा माल तिकडे न्यायचं कंत्राट त्याच्याकडे होतं.

"नव्या सिस्टीममध्ये हीच नोंद दाखव," अंबिका म्हणाली.

"सेम असणार, मॅम."

"दाखव तर."

त्याने नोंद उघडली. तारीख तीच, बिल्डिंग तीच, गेविनचं नाव तेच. आणि शेऱ्याच्या जागी 'सर्व व्यवस्थित' नव्हतं.

तिथे फक्त एक टिंब होतं.

२

"हे कसं झालं?" कौस्तुभची ऐट जरा उतरली होती.

"तेच तुला विचारतेय. माल कसा हलवलास ते सांग. मला समजेल असं."

त्याने खुर्ची जवळ ओढली. "घर शिफ्ट करतो ना आपण, तसं. पण दोन खेपा. पहिल्या खेपेत नुसत्या खोल्या जातात, म्हणजे नोंदी. कोण, कधी, कुठे गेला. नव्या घरात प्रत्येक खोलीला नवा नंबर मिळतो. दुसऱ्या खेपेत सामान, म्हणजे नोंदींना लटकवलेल्या फायली. फोटो, आवाज, कागद. प्रत्येक फाईलवर जुन्या खोलीचा नंबर असतो. तो नव्या नंबराशी जुळवून फाईल तिच्या जागी टेकवायची."

"आणि दोन्ही खेपा एकाच दिवशी?"

"नाही. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचे लॉगिन बंद केले आणि नोंदी उचलल्या. फायली जड असतात. त्या रविवारी."

अंबिकाने बोटांवर दिवस मोजले. शनिवारी सकाळी अपघात, आणि खेपा त्याच्या एक अलीकडे, एक पलीकडे.

"हे इथे कुणाला सांगितलं होतंस?"

"शिफ्टिंग रविवारी, एवढंच. खेपांचं कशाला सांगू? कुणाला कळणार?"

त्याने रविवारच्या खेपेची यादी तिला दाखवली. स्क्रीनवर ओळी वर सरकत होत्या आणि थांबतच नव्हत्या. गीता नगर, नया नगर, काशीमिरा, नवघर, उत्तन नाका. अख्खं शहर घरदार उचलून दुसरीकडे राहायला चाललंय आणि रस्त्यावर एक भांडं पडत नाही, असं काहीतरी. अंबिकाने आयुष्यभर जळकी गोदामं आणि बुडालेले ट्रक तपासले होते. मुंबईतलं चाळीतलं घर सोडून मीरा रोडला येताना तिच्या आईची पितळी घागर हरवली होती. इथे लाखो गोष्टी आपापल्या दारासमोर उतरत होत्या. ती बघत राहिली. आपण तोंड उघडं टाकून बघतोय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

"जुन्या सिस्टीममधली नोंद शेवटची कधी बदललीय?" तिने विचारलं.

कौस्तुभने बघितलं. "शनिवारी दुपारी. अपघातानंतर. शेरा बदलला आणि फाईल उडवली. ती मुळातूनच उडाली, ती आता मिळणार नाही."

"कुणी?"

"'ऑफिस' नावाच्या लॉगिनने. तेवढा एकच चालू होता. त्याचा पासवर्ड तिघांकडे आहे. शेठ, सुचेतामॅम..." तो थांबला. "आणि मी."

३

सुचेता पोंक्षे सर्व्हिस मॅनेजर. वर्षापूर्वी एका बँकेच्या कॉल सेंटरमधून इथे आलेली. इस्त्रीचा कुर्ता, टेबलावर एक कागद वाकडा नाही. तिने अंबिकासाठी चहा मागवला आणि गेविनसाठीही.

"बिचारा मुलगा," ती म्हणाली. "मी शेठना सांगितलं, वकील आपण देऊ. चुका होतात हो."

"तो म्हणतो, गुरुवारी त्याने तुम्हाला फोन केला होता. आवाज टाकलाय, ऐका म्हणून."

"फोन केला होता. चर्चच्या फेस्टसाठी सुट्टी हवी होती."

"न्हाय मॅडम!" गेविन उठून उभा राहिला. "सुट्टीचं मागनं बोललो. आधी लिफ्टचं बोललो."

"बस बाळा," सुचेता मायेने म्हणाली. "घाबरलाय तो. कुणीही घाबरेल."

अंबिकाने गेविनकडे बघितलं. "तुला लिफ्ट धोक्याची वाटत होती, तर स्वतःच का नाही बंद केलीस?"

"आमाला पावर न्हाय. ऑफिसचा होकार लागतो. मागे एकानं बंद केली तर सोसायटीनं कंत्राट काढून घ्यायची धमकी दिली, आन त्याला घरी बसवला."

ही आपल्याकडची पद्धत. ज्याला धोका दिसतो त्याच्या हातात स्विच नाही, आणि ज्याच्या हातात स्विच आहे तो लिफ्टच्या टपावर कधी चढलेला नाही. मोडलं की मात्र टपावरचा गुन्हेगार.

"हे टिंब काय प्रकरण आहे?" अंबिकाने सुचेताला विचारलं.

सुचेताने कपाळाला हात लावला. "अहो, ते विचारूच नका! शेरा लिहिल्याशिवाय नोंद पुढे जात नाही, म्हणून हे सगळे नुसतं टिंब टाकतात आणि काय ते तोंडाने बोलून रेकॉर्डिंग लटकवतात. मी वर्षभर डोकं फोडतेय. पूर्ण वाक्य लिहा. काय केलं ते लिहा, काय आढळलं ते लिहा. उद्या कुणी बाहेरच्याने बघितलं तर काय म्हणेल?"

"पण त्या दिवशी गेविनने लिहिलं."

"हो ना," सुचेता म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "एकदाच नीट लिहिलं, आणि तेही खोटं."

गेविनने पंजे डोक्यावर धरले. "मॅडम, मला मराठी टाइप करताच येत न्हाय."

"आजकाल फोन बोललेलं लिहितो रे," सुचेता हळूच म्हणाली.

बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. सगळे दचकले. पोलीस नव्हते, डबेवाला होता.

४

"त्या लिफ्टचे आधीचे आवाज आहेत?" अंबिकाने विचारलं.

"आहेत ना. आठ वर्षांचे," कौस्तुभ म्हणाला. "पण ऐकून काय करणार? कुणी ऐकत नाही ते."

"लाव."

त्याने सर्वांत जुना लावला. आधी नुसती घरघर. मग एक जाडा, तरुण, मस्तीतला आवाज आला: "ए पोरांनो, लिहीत नका बसू. टिंब टाका आणि मशीनला बोलू द्या. ही शांती नगरची. ऐका, कशी मांजरीसारखी चाललीय." आणि खरंच, मागे मोटर मांजरीसारखी गुरगुरत होती.

गुणवंतशेठ खुर्चीतून उठले. "हा... हा मी आहे." मोठ्या आवाजाच्या त्या माणसाचा आवाज एकदम लहान झाला. "मी स्वतः फिरायचो तेव्हा. टपावर उभा राहून बोललोय."

पुढचा. पीटर नावाच्या बुजुर्ग मेकॅनिकचा: "थांबताना जरा खोकते हाय. म्हातारी व्हयला लागली." पुढचा, आणखी पुढचा. कौस्तुभ एकामागून एक लावत गेला. तीच मोटर, तोच दोर, तोच ब्रेक. पण गुरगुर खरखरीत होत गेली, थांबतानाचा ठक्क आवाज लांबत लांबत घासल्यासारखा झाला. माणसाचा आवाज वयाने फाटत जातो तसं एक यंत्र त्यांच्यासमोर म्हातारं होत होतं. आठ वर्षं ते सांगत होतं. एका टिंबामागे बसून सांगत होतं, आणि अख्ख्या शहरात दर टिंबामागे असंच कुणी ना कुणी बोलत बसलं होतं. अंबिकाच्या अंगावर काटा आला. देवळात न येणारा काटा, या पत्र्याच्या गाळ्यात.

"आता हे काय मध्येच?" ती म्हणाली.

नोंद शांती नगरची होती, पण आवाज म्हणत होता: "वरसावे, पुलाजवळची बिल्डिंग, दोन नंबर लिफ्ट. दरवाजा अडकतो हाय."

"शिफ्टिंगमध्ये घोळ झाला वाटतं," सुचेता म्हणाली.

"माझा घोळ नाही!" कौस्तुभ उसळला. "जुन्या सिस्टीममध्येही हा इथेच आहे. आणि वरसाव्याच्या नोंदीतही आहे. दोन्हीकडे."

गुणवंतशेठ हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. "अरे, हे नेहमीचंच. लिफ्टच्या खड्ड्यात, नाहीतर टपावर नेट नसतं. फोन आवाज पाठवतो, पण पोचल्याची खूण त्याला मिळत नाही. मग तो बाहेर आल्यावर पुन्हा पाठवतो. तोवर पोरगा पुढच्या बिल्डिंगला पोचलेला असतो, तिची नोंद उघडलेली असते. म्हणून दुसरी कॉपी पुढच्या बिल्डिंगच्या गळ्यात. आम्ही त्याला 'शेजाऱ्याकडे गेलेलं पार्सल' म्हणायचो."

"म्हणजे एकच आवाज दोन ठिकाणी?" सुचेताने विचारलं. तिने हातातला कप खाली ठेवला.

अंबिकाने तिच्याकडे बघितलं नाही. ती गेविनकडे वळली. "गुरुवारी शांती नगरनंतर कुठे गेलास?"

गेविनच्या तोंडाचा आ झाला. "बेव्हर्ली पार्क."

कौस्तुभने नव्या सिस्टीममध्ये गुरुवारचं बेव्हर्ली पार्क उघडलं. शेरा: टिंब. खाली दोन आवाज लटकत होते.

५

पहिला बेव्हर्ली पार्कचाच निघाला. कौस्तुभने दुसरा लावला.

आधी वारा. मग घासण्याचा आवाज, इतका लांब की ऐकणाऱ्याने श्वास धरावा. थांबेल, थांबेल असं वाटावं आणि थांबू नये. मग गेविन.

"मॅडम, शांती नगरवाली. ऐकलं का? ब्रेकचं लायनर संपलं हाय. गाडी थांबाय पायजे तिथं थांबत न्हाय, खाली सरकते. ही आजच बंद करा. मला होकार द्या, मी इथंच उभा हाय. माणूस पडंल, मॅडम."

गेविन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"मॅडम, याने सांगितलं होतं हो," गुणवंतशेठ पुटपुटले. "आणि मी प्रिंट काढून बसलो होतो."

"शेठ, बसा," अंबिका म्हणाली. "शनिवारी दुपारी 'ऑफिस' नावाने कुणीतरी आत शिरलं. आवाज उडवला आणि टिंब पुसून छान वाक्य लिहिलं. त्या माणसाला वाटलं, रविवारी सगळं एकदम हलेल आणि नव्या घरात हेच वाक्य जाईल. पण नोंदी शुक्रवारीच गेल्या होत्या, टिंबासकट. हे कौस्तुभला माहीत होतं, त्यानेच नेल्या होत्या. त्याला लबाडी करायची असती तर दोन्हीकडे केली असती. तो सुटला."

कौस्तुभने मोठा श्वास सोडला.

"दुसरं. त्या माणसाने एकच आवाज उडवला. दुसरी कॉपी पुढच्या बिल्डिंगला असते हे त्याच्या गावी नव्हतं. शेठ, तुम्ही टपावर वर्षं काढलीत. पार्सल शेजाऱ्याकडे जातं हे तुम्ही मी न विचारता हसत सांगितलंत. तुम्ही उडवला असता तर आधी बेव्हर्ली पार्क साफ केलं असतंत."

आता सगळ्यांच्या नजरा एकाच टेबलाकडे वळल्या.

"आणि तिसरं. आवाज उडवला की काम झालं होतं. नुसतं टिंब उरलं असतं, गेविन अडकला असता, कुणाला संशयही आला नसता. ते वाक्य लिहायची गरजच नव्हती. पण लिहिणाऱ्याला टिंब सहन होत नाही. काय केलं ते लिहा, काय आढळलं ते लिहा. पोलीस बघतील म्हणून नीटनेटकं, पूर्ण वाक्य. सुचेताबाई, तुम्ही वर्षभर जे दुसऱ्यांकडून मागत होतात, ते शेवटी स्वतःच लिहिलंत."

सुचेताने टेबलावरचा कागद सरळ केला. तो सरळच होता.

"शुक्रवारी त्या बिल्डिंगमध्ये हळद होती," ती म्हणाली. "लिफ्ट बंद करायचं कळवलं, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, पाहुणे सातव्या मजल्यावर कसे चढणार? मी म्हटलं, सोमवारी बंद करू. दोन दिवसांत काय होणार? गुरुवारीच ऐकला होता मी तो आवाज. पूर्ण ऐकला होता." तिने गेविनकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "मी वकील देणार होते त्याला. खरंच देणार होते."

"हो, दिला असतात," अंबिका म्हणाली. "आणि दर महिन्याला तुरुंगात फराळही नेला असतात. तुमच्यासारख्या चांगल्या माणसांची मला फार भीती वाटते."

६

संध्याकाळी पोलीस आले. आवाज ऐकला, दोन्ही नोंदी बघितल्या आणि सुचेताला सोबत घेऊन गेले. गेविनला जबाब देऊन घरी जायला सांगितलं. तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

अंबिका अजून कौस्तुभच्या शेजारी बसून होती.

"या बाईने एक ऐकला, कारण पोराने फोन करून सांगितलं," ती म्हणाली. "बाकीचे कोण ऐकतं?"

"कुणीच नाही," गुणवंतशेठ म्हणाले.

"मग ऐकायला लागा. शेवटच्या महिन्याचे तरी."

ते बसले. मालक, कंत्राटी पोरगा, विम्याची बाई आणि थोड्या वेळापूर्वीचा आरोपी. गाळ्यात शहर बोलू लागलं. दरवाजे, दोर, चाकं, कुठे मागे कुणाचं तान्हं रडतंय, कुठे अजान, कुठे कुकरची शिट्टी, आणि या सगळ्यावरून ज्यांना कुणी कधी विचारलं नाही अशा माणसांचे शांत आवाज. तेल कमी हाय. चालेल. बरी हाय. कौस्तुभने हे सगळं एका घरातून दुसऱ्या घरात उचलून आणलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता की आपण काय उचललं. तो हेडफोन न लावता, हात मांडीवर ठेवून ऐकत होता.

"हा परत लाव," गेविन म्हणाला.

रामदेव पार्कचा. दुसऱ्या एका मेकॅनिकने टाकलेला. शब्द नव्हते, मशीनच बोलत होतं. त्या घासण्याला शेवट नव्हता.

"ही चालू हाय?" गेविनने विचारलं.

गुणवंतशेठनी त्याच्याकडे बघितलं. त्यांनी टेबलावरून मोटरसायकलची किल्ली उचलली आणि त्याच्याकडे फेकली. "कुणाला विचारू नको. जा."

अंबिका मोटरसायकलवर त्याच्या मागे बसली. रामदेव पार्कच्या त्या टॉवरमध्ये ऑफिसातून परतणाऱ्यांची गर्दी लिफ्टपाशी जमली होती. गेविन जिन्याने वर धावत गेला. काही वेळाने लिफ्टच्या डोक्यावरचा लाल आकडा विझला.

"अरे यार! अभी बंद करनी थी क्या?" पिशव्या घेतलेला एकजण ओरडला. "आठवे माले पे कौन चढ़ेगा, तेरा बाप?"

"कोण आहे रे हा? कुणाला विचारून बंद केली?" एक मराठी काका जिन्यात तोंड घालून गरजले. "सेक्रेटरीला बोलवा. कंत्राट काढून टाका यांचं!"

शिव्या देत, धापा टाकत, पोरांना कडेवर घेऊन माणसं चढू लागली. एक म्हातारी कठड्याला धरून पायरी पायरी वर जात होती आणि न पाहिलेल्या मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. अंबिकाने तिच्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि तिच्यामागून चढू लागली.